सिडिलूचं परत येणं

मंगळवारी सकाळी तू गेलास. हुमनाबादला, दवाखान्यात. मल्लूनं फोन केला तेव्हा मी डाळ निवडत होते. तो म्हणाला, "शकू, सिद्धू गेला." मी म्हणाले, "शनिवारी वाचायचं हाय की त्याला." मी सूप बाजूला ठेवलं.

दुपारनंतर तुला गावी, दुबलगुंडीला आणलं. विहारापुढं त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग दोघंतिघं चार शब्द बोलले. सिद्धार्थराव फार मनमिळाऊ होते. सिद्धार्थरावांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही. शफी माझ्या बाजूला उभा होता. तो मान खाली घालूनच पुटपुटला, "ये लोगां किसकी बातां कररैं?" मला त्याही वेळी हसू फुटलं आणि मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं मी रडतेय. तेही खोटं नव्हतं.

म्हणून हे तुलाच लिहायला बसले. त्या भाषणांतला माणूस मला ओळखता आला नाही. तू मनमिळाऊ नव्हतास. खांबावर चढून खाली उभ्या असलेल्या माणसाला नावं ठेवणारा लाईनमन होतास तू, आणि गावातल्या निम्म्या माणसांशी तुझी बोलचाल बंद असायची. "गावाला उजेड मी देतो, भाषणं तुमी करा," असं तू सरपंचाला जयंतीच्या मांडवात म्हणाला होतास. ते कुणी सांगितलं नाही.

मंगळवारपासून मला सारखं एकच दिसतं. झोपताना, भाकरी थापताना, कधी नुसती खिडकीशी बसलेली असताना. एक लाल रंग, जागेवरून थोडा सरकलेला.

तुला कळेल मी कशाबद्दल बोलतेय. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर फार मागं जावं लागेल.

तुझे बाबा गुलबर्ग्याला डाळीच्या मिलमध्ये होते. तू तिथं कानडी शाळेत शिकायचास आणि दिवाळीला, उन्हाळ्याला गावी यायचास. मिलच्या शेजारी रद्दीचं दुकान होतं. तिथून बाबांनी आणलेली कॉमिक्स तू पिशवीत घालून आणायचास. मुखपृष्ठं गेलेली, कोपरे कुरतडलेले, आणि पानापानाला तुरीच्या फोलपटाचा वास. आजही कुठं डाळ भरडायला लागली की मला माणसं उडताना दिसतात.

सगळी कॉमिक्स कानडी होती. पथकाचं नाव वज्रपडे, म्हणजे हिऱ्यांची फौज. चौघं होते. सूर्यराज हा पुढारी. बेट्टप्पा डोंगराएवढा. एक वाऱ्याशी बोलणारी मुलगी. आणि चौथा सिडिलू. सिडिलू म्हणजे कानडीत आभाळातून पडते ती वीज. त्याच्या हातातून वीज निघायची आणि तोंडातून त्याहून वाईट काहीतरी.

आपणही चौघंच होतो. मी मराठी शाळेतली. शफी उर्दू शाळेतला, शिंप्याचा मुलगा. मल्लूच्या घरी कानडी बोलायचे, पण तो माझ्याच वर्गात मराठी शिकत होता, त्यामुळं त्याला कानडी बोलता यायचं आणि वाचता यायचं नाही. वाचता येणारा तू एकटा. तू पान उघडायचास आणि कानडी अक्षरांवरून नजर फिरवत मराठीत बोलायचास. मल्लू मधेच शंका काढायचा, "आमच्यात असं कोण बोलत न्हाई रे." तू म्हणायचास, "तुमच्यात उडतंय का कोण?"

मल्लूच्या गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीच्या सावलीत आपण बसायचो. उन्हाळ्यात त्या वेळी सगळं गाव झोपलेलं असायचं. समोरच्या पांढरीवर ऊन असं थरथरायचं की दूरची बाभळ जमिनीपासून सुटल्यासारखी दिसायची. अशा वेळी कुणी आभाळातून उतरलं असतं तरी आपण फक्त सरकून जागा दिली असती. तुझा आवाज तेव्हा फुटत होता. सूर्यराज जाड आवाजात बोलायचा आणि मधेच त्याचा चिरका मुलगा व्हायचा, आणि आम्हाला वाटायचं हीसुद्धा त्याची एखादी शक्ती असेल.

वाऱ्याशी बोलणाऱ्या मुलीला तू फारसं बोलूच द्यायचा नाहीस. "ती काय म्हणाली?" मी विचारायची. "काई न्हाई. वाऱ्याशी बोलायलीय, आपल्याला काय कळतंय?" पुढं मी मूळ पुस्तकं वाचली. ती बरंच बोलते, सिद्धू. पथकात तिच्याइतकं शहाणं कुणी बोलतच नाही.

त्या कॉमिक्सच्या छपाईत एक खोट होती. काळी रेष एका जागी आणि रंग तिच्यापासून जरा सरकून. सूर्यराजचा पिवळा, बेट्टप्पाचा निळा, सगळेच थोडे सांडलेले. सिडिलूचा लाल अंगरखा तर नेहमी त्याच्या अंगाबाहेर असायचा. जणू तो आधीच एक पाऊल पुढं निघून गेलाय आणि त्याचं शरीर मागून येतंय. आम्हाला ती खोट आहे हे माहीत नव्हतं. आम्ही समजायचो, हा माणूसच असा आहे, स्वतःच्या आकारात न मावणारा.

शफीच्या वडिलांच्या डब्यात जुन्या शेरवान्यांची पितळी बटणं होती, निजामाच्या काळातली. शफीनं त्यातली चार आणली. पथकाच्या पट्ट्यावर हिऱ्याचा बिल्ला असायचा, तो आपला हा. सेफ्टीपिनेत ओवून आपण सदऱ्याला लावायचो. तू सिडिलूच होणार हे कुणी ठरवलं नाही. ठरवायची गरज नव्हती.

मग तो अंक आला ज्यात सिडिलूला काढून टाकतात. धरणाजवळ पथक दबा धरून बसलंय, सूर्यराजनं खूण केल्याशिवाय कुणी हलायचं नाही. सिडिलूला दम निघत नाही. तो वीज सोडतो, धरणाचा दरवाजा फुटतो, खालच्या गावात पाणी शिरतं. बेट्टप्पा पाणी अडवायला आडवा होतो आणि त्याचा हात मोडतो. सिडिलू हसतो. म्हणतो, "एवढा डोंगर आणि पाण्याला भ्याला!" तेव्हा सूर्यराज त्याच्या पट्ट्यावरचा बिल्ला काढून घेतो. शेवटच्या चित्रात रिकामा रस्ता आहे आणि सिडिलू पाठमोरा. तिथं तर रंग रेषेपासून बोटभर लांब गेलेला. लाल एकीकडं चालतोय, तो एकीकडं.

तो अंक तू वाचून संपवलास आणि बराच वेळ पुस्तक मिटलं नाहीस. मल्लू म्हणाला, "बरं केलं काढलं. लई माज होता." तू त्याच्या अंगावर धावून गेलास. दिवाळीची सुट्टी संपली, तू गुलबर्ग्याला गेलास, आणि उन्हाळ्यापर्यंत आम्हाला सिडिलूचं पुढं काय झालं ते कळलं नाही. शाळेला जाताना मी रस्त्याकडं बघायची. तो कुठंतरी चालत असेल असं मला खरंच वाटायचं.

उन्हाळ्यात तू पुढचा अंक घेऊन आलास. गंजीच्या सावलीत बसलास, घसा खाकरलास. दुष्टानं तिघांना बर्फाच्या भिंतीत कोंडलंय. सूर्यराजचा उजेड विझत आलाय. आणि मग ठिकऱ्या उडतात, धूर निवळतो, भगदाडात लाल अंगरखा.

"सिडिलू काय म्हणतो?" आम्ही तिघं एकदम.

"म्हणतो, लेकानो, तिघं मिळून एक भिंत फुटंना व्हय? सरका तिकडं."

"मग?"

"मग बसला मधे जाऊन. आपल्या जागंवर."

पुढच्या चित्रात सिडिलू गुडघ्यावर होता. मल्लूनं बोट ठेवलं. "गुडघ्यावर कामून बसलाय?"

"चप्पल तुटलीया. अंगठा बसवायलाय."

"डोळ्यात पानी है उसके," शफी म्हणाला.

"बरफ वितळायलाय वरून."

"आन् सूर्यराज बिल्ला द्यायलाय त्याला," मी म्हणाले, कारण चित्रात सूर्यराजचा हात पुढं आलेला स्पष्ट दिसत होता.

तू मान हलवलीस. "द्यायलाय. पण ह्यो घेत न्हाई. म्हणतो, ठेव तुझ्यापाशीच. मी हितं बसलेला दिसायलो न्हाई का?"

आम्ही विश्वास ठेवला. चित्र समोर असून ठेवला. दुसरीकडच्या मुलांनी ठेवला नसता, पण आपल्या गावात शब्द एका भाषेत असायचे, बोलणं दुसरीत आणि हिशेब तिसरीत. समोर दिसतं ते आणि ऐकू येतं ते वेगळं असायचंच. त्याची सवय होती.

पुढं मी शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी गुलबर्ग्याला गेले तेव्हा कानडी शिकले. स्टेशनकडच्या गल्लीत एका रद्दीवाल्याकडं, जुन्या पंचांगांच्या खाली, मला तो अंक सापडला. तोच फोलपटाचा वास. मी तिथंच उभ्यानं वाचला. सिडिलू गुडघ्यावर बसून माफी मागत होता. पानभर. मी गर्विष्ठ होतो, मी नीच होतो, मला पदरात घ्या. डोळ्यांतून धारा. सूर्यराज त्याला उठवतो आणि बिल्ला लावतो. माझ्या मागून माणसं जात होती, टांगे जात होते, आणि मला वाटलं, कुणीतरी माझं बालपण उचलून जरा बाजूला ठेवलंय. रेष तिथंच आहे, रंग सरकलाय.

सुट्टीत मी तो अंक घेऊन गावी आले. तू नुकताच वीज खात्यात लागला होतास. चावडीजवळच्या खांबावर होतास.

"सिद्धू, खाली ये."

"कामून?"

"तू खोटं वाचलंस. सिडिलू माफी मागतो."

"कोण म्हणालं?"

"छापलंय की हितं!" मी पुस्तक वर धरलं.

तू वरून बघितलंस. तारेला पक्कड लावलीस. आणि तिथूनच म्हणालास, "छापणाऱ्यानं चुकीचं छापलंय."

हा आपला वाद. तो तेव्हा सुरू झाला आणि मधे तुझं लग्न झालं, माझी बदली आळंदला झाली, पुन्हा इकडं झाली, तुझी मुलं पुण्याला गेली, आपण दोघं निवृत्त झालो, तरी चालूच राहिला. मी म्हणायची, माफी मागितल्याशिवाय परत येणं म्हणजे नुसती घुसखोरी. तू म्हणायचास, "पुढचे अंक वाचलीस का तू?" मी वाचले होते. सिडिलू पुढच्या अंकांत कुणाला चिडवत नाही. सूर्यराजला 'आपण' म्हणतो. कोपऱ्यात उभा राहतो. "बघ," तू म्हणायचास, "मेला त्यो त्या पानावर. उरलाय ते दुसरंच कोणतरी हाय. असलं परत येऊन काय करायचं?" मग मी माझं ठेवणीतलं विचारायची. "आणि बेट्टप्पाच्या हाताचं काय?" तू चहा मागायचास.

निवृत्त झाल्यावर आपण शनिवारचं वाचन सुरू केलं. समाजमंदिराच्या मागची खोली, एक कपाट, चार खुर्च्या आणि सतरंजीवर गावातली पोरं. मी मराठी वाचायची. शफी दुकान बंद करून यायचा आणि दखनीत गोष्टी सांगायचा. मल्लू मोठेपणी कानडी अक्षरं शिकला होता, तो ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायचा. आणि तू कानडी पुस्तक मराठीत वाचायचास, नेहमीसारखंच, लेखकाला फारसं न विचारता. पोरांना तूच आवडायचास. ते आम्हा तिघांना माहीत होतं, आणि तू ते विसरू द्यायचा नाहीस. मल्लू वाचायला लागला की म्हणायचास, "झोपा रे पोरांनो, अण्णाची बैलगाडी निघाली."

मल्लूनं ते सगळं सोसलं. पल्लवीचं मात्र त्याला सोसलं नाही.

पल्लवी तेव्हा पाचवीत. अडखळत वाचणारी, पण हात वर करून वाचायला मागणारी. त्या दिवशी 'आश्चर्य' या शब्दाशी ती अडली. आश, आश, असं करत राहिली. तू तिची नक्कल केलीस. तिचे ओठ कसे होतात, मान कशी पुढं येते, सगळं. नक्कल हुबेहूब होती आणि पोरं लोळून हसली. पल्लवीनं पुस्तक मिटलं, सतरंजीवर ठेवलं, आणि ती घरी गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मल्लू म्हणाला, "सिद्धू, तू आता येऊ नको."

"ठराव मांडा," तू म्हणालास. "हात वर करा. कायद्यानं काढा."

मल्लूनं हात वर केला. शफीनं केला. मी केला. तू आम्हाला खूप लोक असल्यासारखं बोटानं मोजलंस. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढलास. आमची तिघांची बटणं कधीच कुठं कुठं हरवली होती. तुझं त्या जुडग्यात होतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. नखानं कडी उघडून तू ते बटण टेबलावर ठेवलंस. "घ्या तुमचा हिरा."

मी वर केलेल्या हाताबद्दल तुला आज काही सांगायचं नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा करीन. पण तू दारातून बाहेर पडलास तेव्हा ऊन होतं, आणि त्यात तुझी पाठ मला रेषेसारखी काळी दिसली. रंग कुठं गेला असं वाटून मी उगीच खोलीत बघितलं.

एक पावसाळा गेला. तुरी फुलावर आल्या. माझ्या घशात गाठ निघाली. कलबुर्गीला, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्याला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने एक शब्दही बोलायचा नाही, आवाज येईल की नाही तेही आत्ता सांगता येत नाही. आयुष्यभर वर्गात बोललेली बाई मी. पाटी-पेन्सिल घेऊन घरात फिरायला लागले. शनिवारी खोलीत जाऊन बसायची, पण वाचणार कोण? मल्लूच्या बोटाबरोबर पोरं पेंगायला लागली. शफीच्या गोष्टी संपल्या. पोरं गळत गेली. आम्ही तिघं खुर्च्यांवर बसायचो आणि रिकाम्या सतरंजीकडं बघायचो. खरंच बर्फात असल्यासारखं वाटायचं. कुणाला हलता येत नव्हतं.

आणि एका शनिवारी दार ढकललं गेलं. दारात तू. तुझ्या मागं पल्लवी.

"काय रे, सगळेच मुके झालाव काय?" तू म्हणालास. "गळा बाईचा गेलाय. तुमच्या तोंडाला काय झालं? सरका तिकडं."

आणि तू तुझ्या खुर्चीवर जाऊन बसलास. मल्लू सरकला. मी बघितलं, सिद्धू. तो सरकला.

पल्लवीच्या आईला मी नंतर पाटीवर लिहून विचारलं, तो काय बोलला तुमच्या घरी? ती म्हणाली, "काई न्हाई बोलले. वसरीला शेंगा फोडत बसले. पोरगी म्होरं येईना. जाताना तिला म्हणले, चल, ते तिघं गोठल्यात तिकडं, आपल्यालाच जावं लागतंय." एवढंच. तिची माफी मागितलीस का, हे मी पुढं पल्लवीलाही विचारलं. तिनं खांदे उडवले.

पण त्या दिवशी पोरं जमल्यावर तू तिला उभं केलंस. पुस्तक तूच धरलंस, दोघांच्या मधे. म्हणालास, "दोघं वाचू. मला चष्मा न्हाई." चष्मा तुझ्या खिशात होता. ती वाचू लागली. 'आश्चर्य' नव्हतं, पण तसाच एक शब्द आला आणि ती अडली. तूही अडलास. तिथंच, तसाच, तेवढाच. पोरं तुला हसली. पुढच्या ओळीत ती सुटली आणि तू अडकून राहिलास, मग तिनंच तुला शब्द सांगितला, मास्तरणीसारखी. पोरं गडाबडा लोळली. तू चिडल्याचं सोंग केलंस. "हसू नका रे, म्हाताऱ्याला येत न्हाई तर!"

मल्लू माझ्याकडं बघत होता. बेट्टप्पाच्या हाताचं उत्तर तू इतक्या वर्षांनी दिलंस, आणि तेही माझं तोंड बंद असताना.

ते महिने मला आता स्वप्नासारखे आठवतात. आवाज नसला की जग जरा लांब जातं आणि स्वच्छ दिसतं. मधे न बोलता तुझं वाचन मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तू मनानं काही घुसडलंस की मी पाटी वर धरायची: 'असं लिहिलेलं नाही!' तू पाटीकडं बघायचास आणि पोरांना सांगायचास, "बाई म्हणायल्यात, लई छान वाचायलास, असंच वाच." मी पाटी आपटायची. "म्हणायल्यात, अजून वाच."

एका शनिवारी मी कपाटातून ते बटण काढलं आणि तू वाचणार होतास त्या पुस्तकावर ठेवलं. बोलता येत नव्हतं आणि पाटीवर लिहिणं बरं वाटलं नाही. तू पुस्तक उचललंस. बटण बघितलंस. "खुणेला ठेवलीस व्हय? बरं केलीस." आणि वाचून झाल्यावर ते पानात घालून पुस्तक मिटलंस. पुढच्या शनिवारी तसंच. पुस्तक बदललं की बटण त्या पुस्तकात जायचं. खिशात तू ते कधी घातलं नाहीस.

माझा आवाज परत आला, थोडा घोगरा. पहिले शब्द तुला म्हणायचे असं मी ठरवलं होतं. तुला आम्ही परत घेतलं, एवढंच. तू आलास, खुर्चीवर बसलास, आणि मी म्हणाले, "चहा घेणार का?" तू म्हणालास, "आवाज काय झालाय गं, दळणाच्या गिरणीवानी." त्यानंतर ते म्हणायची वेळ गेली. कुणी विचारलं तर तू सांगायचास, "मी काढलेला माणूस हाय. पाव्हणा म्हणून येतो." ठराव मागं घ्यायचा राहिला. तू थट्टेनं म्हणत होतास की खरंच, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही. मंगळवारपासून मला हेच टोचतंय. तू आमच्यातला म्हणून गेलास, की पाहुणा म्हणून?

गेल्या महिन्यापासून तू पोरांना वज्रपडे वाचून दाखवत होतास. माझाच तो रद्दीतला अंक. पिवळा पडलेला, पण सिडिलूचा लाल अजून तसाच, रेषेबाहेर. गेल्या शनिवारी तू बर्फाच्या भिंतीपाशी थांबलास. पोरं ओरडली. तू म्हणालास, "उरलेलं पुढच्या शनिवारी. कोण मेलं तरी वाचन हुणार." बटण पानात घातलंस.

काल तो शनिवार होता. आम्हाला वाटलं होतं कुणी येणार नाही. पण सतरंजी भरली. तुझ्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, आणि पोरं माझ्याकडं बघत राहिली. एकानं विचारलं, "बाई, सिडिलू आला का परत?" माझ्या मांडीवर अंक होता. सबंध आयुष्य मी छापलेल्या शब्दाच्या बाजूनं भांडले. वर्गात, घरात, तुझ्याशी. एक शब्द इकडचा तिकडं झालेला मला खपला नाही. मी बटण काढून हातात धरलं आणि पान उघडलं. मल्लू खाली बघत होता. शफीनं डोळे मिटले होते.

ठिकऱ्या उडाल्या. धूर निवळला. भगदाडात लाल अंगरखा दिसला.

"सिडिलू म्हणतो," मी वाचलं, "लेकानो, तिघं मिळून एक भिंत फुटंना व्हय? सरका तिकडं. आणि तो जाऊन आपल्या जागेवर बसला."

शफीनं डोळे उघडले.

"सूर्यराज त्याला बिल्ला द्यायला लागला. तर तो म्हणाला, ठेव तुझ्यापाशीच. मी हितं बसलेला दिसायलो न्हाई का?"

हे वाक्य मी आपल्या लहानपणी ऐकलं होतं, आणि काल पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलं. माझा घोगरा आवाज त्या खोलीत फिरून माझ्याकडंच आला.

पल्लवी माझ्या अगदी जवळ बसली होती. ती आता आठवीत आहे, कानडी चांगलं वाचते. तिची नजर ओळींवरून फिरत होती. "बाई," ती हळूच म्हणाली, "हितं तसं न्हाई. हितं त्यानं माफी मागितलीया. पानभर हाय."

मी तिच्याकडं बघितलं. म्हणाले, "छापणाऱ्यानं चुकीचं छापलंय."

तिचं समाधान झालं नाही. होऊ नयेच. तिनं चित्रावर बोट ठेवलं. "मग गुडघ्यावर कामून बसलाय त्यो?"

मी उत्तर द्यायच्या आत मल्लू बोलला. मल्लू, ज्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. तो म्हणाला, "चप्पल तुटलीया त्याची. अंगठा बसवायलाय."

पोरं हसली. शफी उठून बाहेर गेला आणि पाणी पिऊन आला.

आज रविवार. मी हे लिहून संपवतेय. शनिवारचं वाचन चालू आहे. तुझी खुर्ची भिंतीला लावलेली नाही, रांगेतच आहे. बटण त्या पानात परत ठेवलंय. आपला वाद मिटलेला नाही. तुझी बाजू आता मी मांडते, आणि माझी पल्लवी.